इल्या मेचनिकॉफ आणि पोटातील जंतू

वैशाखातील उन्हातून पळसदरीस येणाऱ्या पाहुण्यास आमच्या घरी आधी पाणी व मागून ताक देण्याची चाल आहे. भोर घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावास रेल्वेचे दोन मार्ग भेटतात. एक घाट चढून पुण्यास जातो, दुसरा खोपोलीस जाऊन थांबतो. स्टेशनावर उतरून पाहुणा घरी पोहोचेपर्यंत घामाने निथळलेला असतो. मीठ व जिरे घातलेला ताकाचा पेला पुढे आला म्हणजे त्याचा जीव थंड होतो, आणि ताक पोटास चांगले हे वाक्य घरातील कोणी ना कोणी उच्चारतेच. ते आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याविषयी शंका घेण्याचे आमच्या मनात कधी आले नाही.

ती शंका गेल्या उन्हाळ्यात घरातीलच एका विद्यार्थ्याने घेतली. दुधाचे दही सूक्ष्म जंतूंमुळे होते, विरजणाच्या एका थेंबात असे असंख्य जंतू असतात, हे तो शाळेत शिकला होता. जठरात तीव्र आम्ल असते व ते जंतूंस मारते, हेही त्याच पुस्तकात पुढच्या एका धड्यात त्याने वाचले होते. हे दोन्ही धडे एकत्र ठेवून त्याने आजीस विचारले की, ताकातले जंतू पोटात गेल्यावर जिवंत राहतात की मरतात. आणि मरत असतील तर ताक पोटास चांगले कसे? आजीने हसून त्यास आमच्याकडे पाठविले. आम्हांसही उत्तर देता आले नाही, आणि शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या माणसास ही गोष्ट थोडी झोंबणारी खरी.

उत्तराचा शोध घेता घेता आम्ही ज्या थोर पुरुषाच्या चरित्राशी येऊन पोहोचलो, त्याचे नाव इल्या मेचनिकॉफ. हा पुरुष हिंदुस्थानात कधी आला नाही; तथापि त्याचा एक शिष्य मुंबईस आला, आणि त्या शिष्याचे नाव आजही परळ येथील एका संस्थेस आहे. पळसदरीहून कर्जतमार्गे मुंबईस जाणारा कोणीही प्रवासी दादरला उतरून थोडा पुढे चालत गेला, तर हाफकिन संस्थेच्या दारी पोहोचतो. त्या हाफकिनचा हा गुरू. आमच्या विद्यार्थिमित्रांस त्याची ओळख व्हावी म्हणून हा लेख लिहीत आहोत.

इल्याचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, खारकोव्ह शहराजवळच्या एका खेडवळ भागात झाला. तो मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात मोडत असे. आज तो युक्रेन देशात आहे. वडील लष्करात अधिकारी होते. आई सुशिक्षित व रसिक होती, आणि या सर्वांत धाकट्या मुलाच्या बुद्धीस उत्तेजन देण्याचे श्रेय मुख्यत्वे तिच्याकडे जाते. मुलगा उतावळा, हळवा व विलक्षण चौकस होता. खारकोव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला, आणि पुढे जर्मनी व इटलीतील समुद्रकिनाऱ्यांवर राहून क्षुद्र जलचर प्राण्यांची वाढ कशी होते याचा अभ्यास केला. बाविसाव्या वर्षी तो ओडेसा येथील विद्यापीठात शिकवू लागला. वर्गातील काही विद्यार्थी वयाने गुरुजींहून मोठे होते असे सांगतात.

विद्येत असे भराभर यश येत असता संसारात मात्र मेचनिकॉफ यांच्या वाट्यास दुःख आले. १८६९ मध्ये ल्युडमिला नावाच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. परंतु तिला क्षयाने इतके ग्रासले होते की, विवाहाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढील चार वर्षे त्यांनी तिला वाचविण्यासाठी जमेल ते सर्व केले. उबदार हवेसाठी तिला मदिरा बेटावर नेले. पण १८७३ मध्ये तिचा अंत झाला. त्यांची स्वतःची दृष्टीही त्या काळात इतकी अधू झाली होती की, सूक्ष्मदर्शकात पाहणे अशक्य होऊन बसले. अशा स्थितीत त्यांस जगणे नकोसे झाले, व आपला अंत करण्याचा अविचारही त्यांच्या हातून घडला. सुदैवाने ते वाचले. जो पुरुष पुढे म्हातारपणी मनुष्याचे आयुष्य कसे वाढेल याचा ध्यास घेऊन बसला, त्यास तरुणपणी आपले आयुष्य नकोसे झाले होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. अंधाराचा प्रहर कितीही लांबला तरी तो शेवटचा असतोच असे नाही, एवढे तरी यावरून आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८७५ मध्ये ओल्गा नावाच्या विद्यार्थिनीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ती त्यांची आयुष्यभराची सहकारी ठरली, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चरित्रही तिनेच लिहिले. १८८१ मध्ये झारचा खून झाल्यानंतर विद्यापीठांतील वातावरण बिघडले, तेव्हा मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये प्राध्यापकाच्या जागेचा राजीनामा दिला, आणि सिसिली बेटावरील मेसिना गावी कुटुंबासह जाऊन राहिले.

तेथे त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली होती. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. समोर ताराम्याशाचे पिल्लू होते. त्याचे शरीर काचेसारखे पारदर्शक असल्याने आत इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत. त्या पाहता पाहता त्यांच्या मनात आले की, या फिरत्या पेशी शरीरात शिरलेल्या शत्रूंस गिळून टाकीत असतील काय? ही कल्पना सुचताच त्यांस बसवेना. त्यांनी बागेतून गुलाबाचे बारीक काटे आणून त्या पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या पेशींची गर्दी जमली होती! आपल्या बोटात कुसळ मोडले म्हणजे त्याभोवती पू धरतो, तोच हा प्रकार. या पेशींस पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी कित्येक हेच कार्य करतात.

या शोधाचे स्वागत सर्वत्र झाले असे नाही. शरीराचे रक्षण पेशी करीत नसून रक्तातील द्रव करतो असे म्हणणारा, मुख्यतः जर्मन विद्वानांचा, एक प्रबळ पक्ष होता, आणि दोन्ही पक्षांत पंचवीस वर्षे वाद चालला. शेवटी १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांस वाटून देण्यात आले. आजच्या ज्ञानाप्रमाणे दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे होते.

मध्यंतरी १८८६ मध्ये ओडेसा येथे जंतुशास्त्राची एक प्रयोगशाळा निघाली व मेचनिकॉफ तिचे प्रमुख झाले. परंतु ते वैद्य नव्हते, म्हणून तेथील वैद्यांचा त्यांस विरोध झाला. १८८८ मध्ये ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेले, आणि नव्याने निघालेल्या पाश्चर संस्थेत जे राहिले ते अखेरपर्यंत. त्यांचा ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हाही पुढील वर्षी तेथे आला. त्याने १८९२ मध्ये पटकीची लस सिद्ध करून प्रथम स्वतःस टोचून घेतली, १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला, आणि मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची नवी लसही त्याने प्रथम स्वतःच्याच अंगी टोचली. हे धाडस त्याच्या गुरूच्या परंपरेस शोभणारेच होते. त्या परंपरेची दुसरी, अधिक कठीण बाजू आता सांगावयाची आहे.

१८९२ मध्ये युरोपात पटकीची साथ होती. पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यास निश्चित केला होता. परंतु एक कोडे राहिले होते. त्याच विहिरीचे पाणी पिऊन एक मनुष्य मरतो व दुसऱ्यास काहीच होत नाही, हे कसे? कॉख यांच्या असे लक्षात आले होते की, गिनिपिग नावाच्या लहान प्राण्यास हे जंतू नुसते पाजले तर तो आजारी पडत नाही. पण आधी सोडा देऊन जठरातील आम्ल मारले, व अफूचा अर्क देऊन आतड्याची हालचाल मंद केली, तर पडतो. म्हणजे जठराचे आम्ल हा देहाच्या दारावरील पहारेकरी आहे. म्युनिकचे वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांस हा सिद्धांत मान्य नव्हता. त्यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये आधी सोडा घेऊन मग पटकीच्या जंतूंचे पाणी सर्वांसमक्ष प्राशन केले. त्यांचे पोट थोडे बिघडले, एवढेच.

मेचनिकॉफ यांनीही पॅरिसमध्ये असेच जंतू स्वतः घेतले. त्यांस काही झाले नाही. मग दोन स्वयंसेवक पुढे आले. पहिल्यास काही झाले नाही. दुसरा मात्र पटकीने मरता मरता वाचला.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. चरित्रलेखक अशा प्रसंगी नायकाच्या धैर्याचे कौतुक करून पुढे जातात. स्वतःच्या पोटावर प्रयोग करणाऱ्याचे धैर्य आम्हांसही वंदनीय वाटते. परंतु त्या दुसऱ्या माणसाचे काय? तो स्वखुशीने आला होता. पण गुरुजनांस काही झाले नाही हे पाहून आलेली ती खुशी होती. त्याचा प्राण गेला असता तर तो एका प्रश्नापायी गेला असता. आणि प्रश्नाचे उत्तर तरी मिळाले काय? तीन माणसांपैकी दोघे बरे व एक आजारी, एवढेच कळले. प्रत्येकाच्या जठरात त्या वेळी आम्ल किती होते, पोटात अन्न काय होते, किती जंतू जिवंतपणी आतड्यात उतरले, यांपैकी काहीच कोणास पाहता आले नाही. माणसाचे पोट ही बंद पेटी आहे, आणि ती उघडून पाहण्याची सोय नाही.

तथापि मेचनिकॉफ यांनी त्या अनुभवातून एक मोलाची गोष्ट काढली. त्यांनी काचेच्या बशीत पोषक थरावर पटकीचे जंतू व त्यांच्या शेजारी इतर जंतू वाढविले. काहींच्या शेजारी पटकीचे जंतू जोमाने वाढत, तर काहींच्या शेजारी ते खुंटत. त्यावरून त्यांनी असा तर्क केला की, माणसाच्या आतड्यात आधीपासून वसती करून असलेले जंतू कोणते आहेत, यावर नव्या पाहुण्याचे भवितव्य ठरते. हा विचार आज शास्त्रात सर्वमान्य झाला आहे. त्या काळी तो फार थोड्यांस सुचला होता.

याच विचाराने पुढे त्यांच्या म्हातारपणाचा ताबा घेतला. मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जंतू राहतात, ते विष निर्माण करतात, आणि त्या विषाने माणूस अकाली वृद्ध होतो, असे त्यांचे मत बनले. मग कुजणे थांबवावे कसे? दूध नासते, पण दही बराच काळ टिकते, कारण दह्याच्या जंतूंनी तयार केलेल्या आम्लात कुजविणारे जंतू वाढत नाहीत. तर मग हेच दह्याचे जंतू आतड्यात नेऊन वसविले तर? बल्गेरियातील खेडूत आंबवलेले दूध पुष्कळ पितात व पुष्कळ वर्षे जगतात, असे त्यांच्या कानी आले होते. १९०४ मध्ये पॅरिसमधील एका व्याख्यानात त्यांनी हा विचार मांडला. पुढील वर्षी स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हा येथे त्या दह्यातील मुख्य जंतू ओळखून काढला. त्याच्या नावात आजही बल्गेरियाचे नाव आहे. १९०७ मध्ये आयुष्यवृद्धीविषयी मेचनिकॉफ यांचा ग्रंथ निघाला. ते स्वतः नियमाने आंबवलेले दूध घेत व कच्चे अन्न टाळीत.

पुढे जे झाले ते नेहमीचेच. शास्त्रज्ञाने जे जपून मांडले ते बाजाराने ओरडून सांगितले. युरोप-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत दह्याच्या जंतूंच्या गोळ्या व पुड्या विक्रीस आल्या, आणि दही म्हणजे म्हातारपणावरील रामबाण अशी आवई उठली. परंतु ज्या पायरीवर सर्व इमारत उभी, ती पायरी कोणी तपासली नव्हती. हे जंतू जठराच्या आम्लातून जिवंत पार होतात काय? झाले तर आतड्यात वसती करतात काय?

मेचनिकॉफ हृदयविकाराने १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. वय एकाहत्तर होते. शंभरी गाठण्याची वाट दाखवू पाहणारा स्वतः शंभरी गाठू शकला नाही, असे म्हणून टीकाकारांनी हसून घेतले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात रेटगर व त्यांचे सहकारी यांनी तपास केला, तेव्हा असे दिसून आले की, तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात वसती करीत नाही. खाणे थांबविले की थोड्या दिवसांत त्याचा मागमूस राहत नाही. १९३० मध्ये जपानमध्ये शिरोता या वैद्याने उलट बाजूने सुरुवात केली. जठराचा रस व पित्त सोसून जिवंत राहतील असेच जंतू आधी निवडावयाचे, आणि मग त्यांनी दूध आंबवावयाचे, हा त्याचा मार्ग. म्हणजे मेचनिकॉफ यांच्या उत्तरातील उणीव हाच पुढच्या संशोधकाचा प्रारंभ झाला.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ज्या बंद पेटीविषयी वर लिहिले, तिची प्रतिकृती काचेत करण्याची युक्ती आज शास्त्रज्ञांस साधली आहे. बेल्जममधील घेंट येथील विद्यापीठात १९९३ मध्ये अशी एक मोठी मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एकापुढे एक पाच काचपात्रे असतात. पहिले जठर, दुसरे लहान आतडे, व उरलेली तीन मोठ्या आतड्याचे तीन भाग. सर्व पात्रे देहाच्या उष्णतेइतकी, म्हणजे ३७ अंश उबदार ठेवतात, आतील प्राणवायू काढून टाकतात, आणि एका पात्रातील अन्न ठरलेल्या वेळी पंपाने पुढील पात्रात ढकलतात. नेदरलँड्समध्ये तर पात्राच्या भिंती आकुंचन-प्रसरण पावून अन्न घुसळतील अशीही योजना झाली.

याहून सोपी रीतही आहे. निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी मिळून २०१४ मध्ये एक समान कृती ठरविली व २०१९ मध्ये ती सुधारली. अन्न प्रथम कृत्रिम लाळेत दोन मिनिटे मिसळावयाचे. मग जठररसात दोन तास. मग लहान आतड्याच्या रसात आणखी दोन तास. आम्लतेच्या मापावर सात म्हणजे पाण्यासारखे उदासीन, व आकडा जितका खाली तितके आम्ल तीव्र. जठराच्या पायरीस हे माप तीन ठेवतात व पेप्सिन हा पाचक पदार्थ घालतात. आतड्याच्या पायरीस माप सात ठेवून पित्त व स्वादुपिंडाचे पाचक रस घालतात. ही कृती मुळात अन्नाच्या पचनासाठी ठरली, पण जंतू किती टिकतात हे पाहण्यासही तीच साचा म्हणून वापरतात. प्रत्येक पायरीवर थेंबभर नमुना काढून तो दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करावयाचा, पोषक बशीवर पसरावयाचा, व उगवलेले ठिपके मोजावयाचे. एक ठिपका म्हणजे प्रारंभी एक जिवंत जंतू, असा हिशेब. समजा, घोटात दहा कोटी जंतू होते व शेवटी एक लाख उरले, तर हजारांत एक वाचला असे ठरते. कोणाचाही प्राण पणास न लावता, हवे तितक्या वेळा, एका वेळी एकच गोष्ट बदलून, हा हिशेब करता येतो. जे उत्तर १८९२ मध्ये एका माणसास मरणाच्या दारी नेऊनही मिळाले नाही, ते आज पात्रे धुऊन पुन्हा मांडली की मिळते.

या काचेच्या आतड्यांनी काय शिकविले? पहिली गोष्ट अशी की, जंतू काय म्हणून पोटात गेला यापेक्षा कशाबरोबर गेला याला महत्त्व आहे. उपाशी जठरातील आम्लाचे माप दोनच्याही खाली जाते. जेवणानंतर अन्नामुळे तेच चार-पाचपर्यंत चढते. दुधातील प्रथिने आम्लाचा जोर शोषून घेतात, म्हणून नुसत्या पाण्यातून गेलेल्या जंतूपेक्षा दुधादह्यातून गेलेल्या जंतूस वाचण्याची संधी अधिक. पटकीच्या जंतूचाही हाच न्याय. आम्ल शिल्लक असता आजारासाठी जितके जंतू लागतात, त्याच्या कितीतरी लहान अंशाने आम्ल मारल्यावर काम होते. ज्या अन्नाने मित्र वाचतो, त्यानेच शत्रूही वाचतो. म्हणून अन्नपाणी स्वच्छ असले पाहिजे हा धडा जुनाच राहतो. दुसरी गोष्ट, जठरातून वाचलेल्यांस पुढे पित्त गाठते. साबणाने तेल सुटते त्याप्रमाणे पित्त जंतूंचे आवरण सैल करते, आणि पुष्कळ जंतू तेथे संपतात.

तिसरी गोष्ट सर्वांत मनोरंजक आहे. मेलेला जंतू निरुपयोगीच असतो असे नाही. मोठेपणी पुष्कळ लोकांच्या आतड्यात दुधातील साखर पचविणारा पदार्थ कमी तयार होतो, आणि दूध प्यायले की त्यांचे पोट फुगते. दह्याच्या जंतूंच्या पेशीत तो पदार्थ असतो. जठरातून जाताना पेशी त्यास जपते, आणि आतड्यात पित्ताने पेशी फुटली की तो बाहेर पडून साखर पचवितो. ज्यास दूध सोसत नाही त्यास दही का सोसते, याचे हे एक कारण आहे. जंतू वसती करीत नाही. वाटेतच देह ठेवतो, आणि ठेवता ठेवता उपकार करून जातो.

आमच्या स्वयंपाकघरात याचे दाखले आहेतच. ताक पितो तेव्हा जंतू जिवंत पोटात शिरतात. त्याच ताकाची कढी केली की चुलीवरच ते संपतात. नाचणीचे पीठ रात्रभर ताकात भिजवून सकाळी शिजविलेल्या आंबिलीतही जिवंत जंतू फारसे उरत नाहीत. परंतु त्यांनी रात्रभर केलेले आंबवण्याचे काम, तिची चव व तिची पचनसुलभता उरते. म्हणून आंबील वाईट व ताक चांगले असे म्हणण्यात अर्थ नाही. दोघांचे गुण निराळे, आणि कोणता गुण कोणाचा हे ओळखणे म्हणजेच शास्त्र.

तथापि काचेच्या आतड्यावरही आंधळा विश्वास नको. त्यास भूक लागत नाही, चिंता वाटत नाही. त्याच्या भिंतीस जिवंत अस्तर नाही. आणि सर्वांत मोठी उणीव ही की, मेसिनाच्या त्या सकाळी काट्याभोवती जमलेल्या भक्षक पेशी त्याच्यात नाहीत. मेचनिकॉफ यांच्या एका प्रश्नाचे उत्तर देणारे हे यंत्र त्यांच्याच सर्वांत मोठ्या शोधास मुकलेले आहे. म्हणून पात्रातील निकाल शेवटी माणसांत, त्यांच्या संमतीने व काळजीपूर्वक, पडताळून पाहावा लागतो. तसेच प्रत्येक घरचे विरजण निराळे. बल्गेरियाच्या दह्याविषयी जे सिद्ध झाले ते पळसदरीच्या मडक्याविषयी सिद्ध झाले असे नव्हे.

इतके कळल्यावर आम्ही त्या विद्यार्थ्यास उत्तर दिले. ताकातील पुष्कळ जंतू वाटेत मरतात; काही वाचतात; वाचलेले बहुधा मुक्कामास राहत नाहीत; तरीही त्यांचे येणे व्यर्थ जात नाही. किती मरतात व किती वाचतात हे ताक कोणते, पोट भरलेले की रिकामे, यावर अवलंबून असते, आणि ते मोजता येते. आजीने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, व आपण ताक पोटास चांगले म्हणत होतो त्यात चूक काय होती, असे विचारले. चूक काहीच नव्हती. तिच्या अनुभवास कारण हवे होते, आणि त्या मुलाच्या शंकेस उत्तर. दोघांमध्ये भांडण नव्हते.

मेचनिकॉफ यांच्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? त्यांचा पहिला शोध खरा ठरला. शेवटचा, ज्यावर त्यांचे अधिक प्रेम होते, तो अर्धामुर्धाच ठरला. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न दोन्ही वेळी खरा होता. उत्तर चुकले तर पुढची पिढी ते दुरुस्त करते; प्रश्नच कोणी विचारला नाही तर दुरुस्त करावयास काही उरत नाही. मात्र प्रश्नाची किंमत कोणी मोजावी, हे त्या दुसऱ्या स्वयंसेवकाचे स्मरण ठेवून ठरवावे. ज्ञानाची ओढ माणसाच्या जिवाहून मोठी होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी काचेचे आतडे घडविले, असे आम्हांस वाटते.

यंदाच्या उन्हाळ्यात तो विद्यार्थी विरजणाचा एक थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार आहे. त्यास काय दिसले ते पुढील अंकात त्यानेच लिहावे, अशी आमची इच्छा आहे.